एवढंसं नोझल, एवढी मोठी ऑर्डर: एअरब्रशचे बारीक भाग हरवू नयेत म्हणून 'पाच भागांची मोजणी'



आजच्या पाठात मार्केटिंग नाही, जीएसटी नाही, कर्जाची फाइल नाही. आज बोलायचंय तांदळाच्या दाण्याएवढ्या एका पितळी तुकड्याबद्दल. त्याचं नाव नोझल. एअरब्रशच्या तोंडाशी तो बसतो आणि त्याच्या ०.२, ०.३ किंवा ०.५ मिलिमीटरच्या भोकातून तुमचा सगळा धंदा बाहेर पडतो.

एअरब्रश वापरणारे छोटे उद्योजक आपल्याकडे बरेच आहेत. घरून केक करणाऱ्या ताई, नेल आर्टवाल्या, हेल्मेट आणि बाइकच्या टाक्या रंगवणारी मुलं, स्केल मॉडेल करून विकणारे हौशी कलाकार. पेण, हमरापूर, जोहे या पट्ट्यातल्या गणपतीच्या कारखान्यांत तर अंगाचं शेडिंग, गालांवरची लाली, पितांबराची छटा यासाठी फवाऱ्याचा हात लागतोच. बऱ्याच जणांनी एअरब्रश छंद म्हणून घेतला आणि मग त्यावर ऑर्डरी घ्यायला लागले. छंदात नोझल हरवलं तर आपण "जाऊ दे, पुढच्या रविवारी बघू" म्हणतो. ऑर्डर घेतल्यावर असं म्हणता येत नाही. वाढदिवसाची तारीख पुढे जात नाही आणि गणेश चतुर्थी तर कुणासाठीच थांबत नाही.

व्हिडिओत मी हे सगळं हाताने करून दाखवलंय. इथे सविस्तर लिहितोय, म्हणजे प्रिंट काढून कामाच्या टेबलासमोर लावता येईल.

आधी हिशोब: हरवलेल्या नोझलची खरी किंमत

नोझल हरवलं की आपण म्हणतो, "दोनशे रुपये गेले." हा हिशोब अर्धवट आहे. खरा हिशोब असा करा:

खरी किंमत = भागाची किंमत + मागवण्याचा खर्च + काम बंद राहिलेल्या दिवसांची कमाई

समजा, नोझल २०० रुपयांचं आहे. कुरिअर ८० रुपये. भाग यायला ४ दिवस लागले. खर्च वजा जाता रोज तुमच्या हातात ९०० रुपये राहतात, म्हणजे ४ दिवसांचे ३,६०० रुपये. बेरीज झाली ३,८८० रुपये. यात नोझल किती रुपयांचं? फक्त २००. शंभरातले जेमतेम पाच रुपये. बाकीचे पंचाण्णव रुपये कुरिअरचे आणि थांबलेल्या कामाचे आहेत. शिवाय अ‍ॅडव्हान्स परत करावा लागला तर तो वेगळा, आणि ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरीकडे गेलं तर त्याचा आकडा कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

हे आकडे समजावण्यासाठी घेतलेत. तुमचे स्वतःचे टाका आणि उत्तर एका कागदावर लिहा. पुढचं सगळं का करायचं, ते तो कागद सांगेल.

कोणता भाग कुठे गायब होतो?

"आपण वेंधळे आहोत म्हणून भाग हरवतात" असं अनेकांना वाटतं. पण नीट पाहिलं तर त्याच त्या चार-पाच जागी, त्याच त्या कारणाने भाग जातात. म्हणजे उपायही ठरवून करता येतो.

१. सिंकमध्ये. हा पहिला नंबर. वाटीत नोझल भिजत घातलेलं असतं. काम झाल्यावर आपण सवयीने वाटीतलं घाण पाणी सिंकमध्ये ओततो. पाण्याबरोबर नोझल जातं आणि आवाजसुद्धा येत नाही.

२. टिश्यू पेपरमध्ये. पुसता पुसता भाग रंगाने माखलेल्या टिश्यूच्या घडीत राहतो. टिश्यू बोळा होऊन कचऱ्यात, आणि दुसऱ्या दिवशी घंटागाडीत.

३. हवेच्या दाबाने. कॉम्प्रेसर चालू असतो किंवा नळीत हवा शिल्लक असते. पुढचं टोपण सैल केलेलं असतं आणि चुकून ट्रिगर दाबला जातो. नोझल गोळीसारखं सुटतं. ते कुठल्या दिशेला गेलं, हेही कळत नाही.

४. जमिनीवर. गुळगुळीत टेबलावरून भाग घरंगळतो, फरशीवर टप्पा खातो आणि कपाटाखाली जातो. मूर्तीच्या कारखान्यात तर जमिनीवर माती किंवा प्लास्टरची भुकटी असते, त्यात तो पुरलाच जातो.

५. दुसऱ्या एअरब्रशमध्ये. हे हरवणं वेगळ्या जातीचं. दोन-तीन एअरब्रश एकदम धुवायला घेतले आणि याचं नोझल त्याला लागलं. भाग घरातच आहेत, पण एकही एअरब्रश नीट चालत नाही. ०.३ च्या नोझलमध्ये ०.५ ची सुई बसवली तर फवारा बिघडणारच.

एक सूचना. "मी मॅग्नेटची ताटली आणलीये, मला काळजी नाही" असं कुणी म्हणत असेल तर थांबा. बहुतेक नोझल पितळी असतात आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. रबराच्या ओ-रिंगचा आणि टेफ्लॉनच्या वॉशरचा तर प्रश्नच नाही. स्टेनलेस स्टीलची सुई किंवा स्प्रिंगही धड चिकटेल याची खात्री नसते. मॅग्नेट गॅरेजमधल्या नटबोल्टला ठीक आहे, इथे त्याच्या भरवशावर राहू नका.

पहिला नियम: जितकं कमी उघडाल, तितकं कमी हरवेल

एअरब्रश नवीन असताना अनेक जण रोज तो पूर्ण खोलतात, स्प्रिंग, ट्रिगर, खालचा व्हॉल्व्ह सगळं. याची गरज नसते. खालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये फक्त हवा जाते, रंग साधारणपणे तिथे पोचत नाही. मग तो रोज उघडायचा कशाला? शिवाय त्यातली स्प्रिंग आणि बारीक ओ-रिंग हेच परत बसवायला सगळ्यात किचकट. म्हणून साफसफाईचे तीन टप्पे ठरवून घ्या.

टप्पा १, रंग बदलताना: काहीच खोलायचं नाही. कप रिकामा करा, पुसा, पाणी किंवा त्या रंगाला लागणारं क्लीनर घाला आणि स्वच्छ फवारा येईपर्यंत मारा. मग पुढच्या तोंडावर जाड दुमडलेलं फडकं धरून ट्रिगर हलकेच मागे ओढा. हवा उलटी कपात येते, बुडबुडे उठतात आणि आत अडकलेला रंग सुटतो. उघड्या बोटाने तोंड दाबू नका, सुईचं टोक आत जातं. थिनरने हे करत असाल तर चष्मा हवाच.

टप्पा २, दिवसाचं काम संपल्यावर: वरचं सगळं करून झाल्यावर फक्त सुई काढून पुसायची. पुसताना फडकं सुईच्या जाड बाजूकडून टोकाकडे न्यायचं आणि सुई फडक्यात गोल फिरवत पुसायची. उलट दिशेने पुसलं तर टोक वाकतं, नाही तर बोटात जातं.

टप्पा ३, आठवड्यातून एकदा किंवा फवारा बिघडल्यावर: नोझल काढायचं. खरी जोखीम इथेच आहे, म्हणून पुढची पद्धत नीट वाचा.

यापलीकडे जायची वेळ आली, म्हणजे ट्रिगर अडकतोय किंवा खालून हवा गळतेय, तर ते काम ऑर्डरीच्या दिवशी करायचं नाही. मोकळा दिवस ठरवा आणि एकेक भाग काढताना मोबाईलवर फोटो घेत जा. ट्रिगरच्या मागची छोटी पट्टी कोणत्या बाजूने होती, हे नंतर आठवत नाही.

जागा मांडा: घरातल्याच चार वस्तू

खर्च जवळजवळ शून्य.

• काठाची परात किंवा मोठी ताटली. सगळं काम परातीच्या आत. हातातून सुटलेला भाग काठाला अडकतो.
• पांढरा टर्किश नॅपकिन परातीत अंथरायला. मऊ कापडावर भाग टप्पा खात नाही, घरंगळत नाही आणि पांढऱ्यावर पितळ लगेच दिसतं. नॅपकिन एकरंगीच हवा, फुलाफुलांचा नको.
• चहाची जुनी गाळणी. ही आजच्या पाठातली सगळ्यात महत्त्वाची वस्तू. कुठलाही भाग धुवायचा तो गाळणीत ठेवून. भिजवलेलं पाणी ओतायचं तेही गाळणीतून. गाळणीशिवाय एक थेंबही सिंकमध्ये जाणार नाही, असा नियमच करा. केकवाल्या ताईंनी यासाठी वेगळी गाळणी ठेवावी, चहाची आणि ही एक नको.
• झाकणाची छोटी काचेची बाटली भिजवायला. थिनर वापरत असाल तर थर्मोकोलचा किंवा पातळ प्लास्टिकचा कप नको, तो विरघळू शकतो. बाटलीत फक्त धातूचे भाग घाला. रबराच्या ओ-रिंग थिनरमध्ये फुगतात, म्हणून आख्खा एअरब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवू नये.

भाग ठेवायला गोळ्यांचा आठवड्याचा डबा मिळतो, त्यात सात खण असतात. किंवा जुना मसाल्याचा डबा घ्या, त्यात सात वाट्या असतात. प्रत्येक वाटीला एक भाग.

आणि काम सिंकवर उभं राहून करायचं नाही. टेबलावर बसून, परात समोर, पंखा बंद. थिनर असेल तर खिडकी उघडी ठेवा आणि जवळ गॅस, समई, उदबत्ती काहीही पेटतं नको.

पाच भागांची मोजणी

साध्या, वर कप असलेल्या डबल अ‍ॅक्शन एअरब्रशमध्ये आठवड्याच्या सफाईला फक्त पाच भाग सुटे करावे लागतात:

१. मागचं हँडल
२. सुई
३. नीडल कॅप, म्हणजे सगळ्यात पुढचं टोपण
४. नोझल कॅप, म्हणजे त्यामागचं टोपण
५. नोझल

हाताची पाच बोटं, तसे पाच भाग. तुमच्या मॉडेलमध्ये एखादा कमी-जास्त असेल तर तुमचा आकडा तुम्ही ठरवा. पण आकडा ठरलेला हवा आणि तो भिंतीवर लिहिलेला हवा.

काढताना क्रम असा:

• कॉम्प्रेसर बंद करा. ट्रिगर दाबून नळीतली हवा काढून टाका. मग नळी सोडवा. हवा शिल्लक असताना पुढचं टोपण उघडायचं नाही.
• टप्पा १ मधली सफाई आधीच झालेली असू द्या. ओल्या रंगाने माखलेला भाग बोटातून निसटतो.
• हँडल काढा. पहिल्या खणात ठेवा. मोठ्याने म्हणा, "एक."
• सुई धरून ठेवणारा नट फक्त सैल करा, काढू नका. जो भाग निघालाच नाही, तो हरवणार कसा?
• सुई सरळ मागे ओढून काढा. "दोन." सुई काढल्यावर काही मॉडेलमध्ये ट्रिगर सैल होऊन पडतो, म्हणून एअरब्रश उलटा करू नका.
• आता तोंड वरच्या बाजूला धरून पुढची दोन टोपणं काढा. "तीन, चार." तोंड खाली धरू नका. बॅजरच्या पॅट्रिअटसारख्या काही मॉडेलमध्ये नोझलला आटे नसतात, ते नुसतं बसवलेलं असतं. टोपण निघालं की तेही पडतं. कधी ते टोपणातच अडकून राहतं, तेव्हा टोपणात डोकावून बघा.
• आट्यांचं नोझल असेल तर सोबत आलेल्या छोट्या पान्याने सैल करा आणि शेवटचे आटे बोटाने सोडवा. "पाच."

मोठ्याने मोजायला सुरुवातीला हसू येईल. येऊ द्या. तोंडाने बोललेला आकडा डोकं विसरत नाही. मधेच फोन आला, दारावर कुरिअरवाला आला, तरी परत आल्यावर "आपण तीनवर होतो" हे लक्षात राहतं.

नोझल आतून साफ करताना टाचणी किंवा सेफ्टी पिन घालू नका. तोंड फाकतं आणि मग फवारा कायमचा वाकडा पडतो. दातांच्या फटीत घालायचा बारीक ब्रश मेडिकलमध्ये मिळतो, तो मागच्या बाजूने हलकेच फिरवा. अमोनिया असलेलं काच पुसायचं लिक्विड पितळी भागाला रोज लावू नका.

बसवताना उलटा क्रम: नोझल, नोझल कॅप, नीडल कॅप, मग सुई, नट घट्ट, शेवटी हँडल. प्रत्येकाला आकडा म्हणा: पाच, चार, तीन, दोन, एक. सुई नेहमी नोझल बसवल्यानंतर घालायची आणि ती टेकली की थांबायचं. जोर लावला तर नोझल आतून चिरतं. नोझल पान्यानेसुद्धा फार आवळू नका, बोटाने बसवून वर अगदी थोडा पीळ पुरे. आटे इतके बारीक असतात की जास्त जोराने ते तुटून अर्धं नोझल आतच राहतं. हे तर हरवण्यापेक्षा वाईट.

शेवटी कपात पाणी घालून फवारा मारा. कपात आपोआप बुडबुडे येत असतील तर नोझल नीट बसलेलं नाही किंवा चिरलंय. ते आत्ताच कळलेलं बरं, ऑर्डरीच्या सकाळी नको.

मोजणी पूर्ण होईपर्यंत तीन गोष्टी बंद

केर काढायचा नाही. कचऱ्याचा डबा रिकामा करायचा नाही. सिंकचा नळ सोडायचा नाही. हँडल बसलं, "एक" म्हणून झालं, की मगच हे सगळं. घरातल्यांनाही सांगून ठेवा. पुष्कळदा आपण काळजी घेतो आणि मदत म्हणून कुणी तरी टेबल पुसून टाकतं.

ही पद्धत मी शोधलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियेसाठी एक तपासणी यादी आणली. रुग्ण ऑपरेशनच्या खोलीतून बाहेर जाण्याआधी उपकरणं, स्वॅब आणि सुया यांची मोजणी पूर्ण झाली का, हे विचारणं त्या यादीतच आहे. विमानाच्या देखभालीतही काम संपल्यावर प्रत्येक हत्यार मोजून जागेवर आल्याशिवाय विमान सोडत नाहीत. हत्यारांचा फळा असतो, त्यावर प्रत्येक हत्याराचा आकार रंगवलेला असतो. जागा रिकामी दिसली की हत्यार कुठे राहिलं ते शोधायला लागायचं. इतकी शिकलेली, अनुभवी माणसं आपल्या आठवणीवर विसंबत नाहीत, मग आपण का विसंबावं?

तुम्हीही असा फळा करू शकता. एका पांढऱ्या कार्डावर पाच भाग ठेवून पेन्सिलने त्यांची बाह्यरेषा काढा, आकडे लिहा, कार्ड लॅमिनेट करा. झाला तुमचा फळा.

तरीही हरवलं तर: पहिली दहा मिनिटं

घाबरून उठू नका. आपण उठतो, खुर्ची सरकते, भाग पायाखाली जातो.

• जागेवरच थांबा. आधी मांडी, कपड्यांच्या घड्या, खिसा, बाही बघा.
• टोपणांच्या आत बघा. नोझल "हरवलेलं" नसतं, टोपणात बसलेलं असतं, असं अनेकदा होतं.
• नॅपकिन उचलू नका, झटकू नका. हाताने चाचपा. टिश्यूचा प्रत्येक बोळा उघडा.
• खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाईलचा टॉर्च फरशीला टेकवून आडवा फिरवा. बारीक भागाची सावली लांब पडते, धातू चमकतो. वरून उजेड टाकला तर हे दिसत नाही.
• मग झाडू हळू फिरवून सगळा केर सुपलीत घ्या आणि पांढऱ्या कागदावर पसरून बघा. व्हॅक्यूम क्लीनर असेल तर नळीच्या तोंडाला जुना पातळ पायमोजा रबरबँडने लावा. ओढलेला भाग मोज्यात अडकतो.

सिंकमध्ये गेलं असेल तर सगळ्यात आधी नळ बंद. पितळ पाण्याच्या आठपटीहून जड असतं, त्यामुळे पाणी सोडलं नाही तर नोझल तळाशी बसून राहतं. वॉश बेसिनखाली बाटलीसारखा ट्रॅप असेल तर खाली बादली ठेवा, ट्रॅपची खालची वाटी हाताने फिरवून काढा आणि आतलं सगळं गाळणीतून ओता. बऱ्याच स्वयंपाकघरांत सिंकचा पाइप थेट खाली न्हाणी ट्रॅपमध्ये सोडलेला असतो. तिथे हातमोजे घाला, जाळी उचला, आतली वाटी निघत असेल तर ती काढून गाळा. सिंकच्या तोंडाशी कायमची बारीक जाळी बसवलीत तर यातलं काहीच करावं लागणार नाही.

दहा मिनिटांत सापडलं नाही तर शोध थांबवा, स्पेअर बसवा आणि काम सुरू करा. शोधाशोध संध्याकाळी. ऑर्डर आधी.

केकवाल्या ताईंसाठी अत्यंत महत्त्वाचं

तुमच्यासाठी मात्र एक अपवाद आहे, आणि तो मोडायचा नाही. केकवर फवारा मारत असताना किंवा केक उघडा असलेल्या खोलीत भाग हरवला, तर तो सापडेपर्यंत तो केक घराबाहेर जाणार नाही. स्पेअर बसवून पुढे जायचं नाही. नोझल किंवा ओ-रिंग क्रीममध्ये रुतली असेल आणि ती एखाद्या लहान मुलाच्या तोंडात गेली, तर त्याची भरपाई कशानेही होत नाही. सापडलंच नाही तर गिऱ्हाइकाला फोन करून स्पष्ट सांगा, "ताई, मला या केकबद्दल शंभर टक्के खात्री नाही, मी दुसरा करून देते, थोडा वेळ द्या." एका केकचं नुकसान सोसा. त्या गिऱ्हाइकाचा विश्वास टिकेल, तुमची झोपही.

म्हणूनच एअरब्रश केकजवळ उघडायचा नाही. धुण्याची खोली वेगळी, नाही तर वेळ वेगळी. आणि रंगकामाचा एअरब्रश केकला कधीही वापरायचा नाही, कितीही धुतला तरी. खाण्याचा एअरब्रश, त्याची परात, त्याची गाळणी सगळं स्वतंत्र.

स्पेअरचा डबा: तहान लागायच्या आधी विहीर

एअरब्रश घेतानाच हे घेऊन ठेवा: त्याच मापाची २ नोझल, १ सुई, ओ-रिंगचा एक संच आणि एक जास्तीचा पाना. पानाही हरवतो, आणि पक्कडीने नोझल काढायला गेलात तर ते गेलंच समजा.

तीन गोष्टी पाळा. पहिली, मॉडेलचं नाव आणि नोझलचं माप डब्याच्या झाकणावर लिहा. दुसरी, स्पेअर आल्या दिवशीच बसवून, फवारा मारून बघा. दिसायला सारख्या एअरब्रशचे आटेही वेगळे असू शकतात आणि हे ऐन वेळी कळलं तर डबा असून नसल्यासारखा. तिसरी, एक स्पेअर वापरलं की त्याच दिवशी दुसरं मागवा. डब्यात नेहमी एक तरी शिल्लक हवंच.

सीझनचा धंदा असेल, म्हणजे गणपती किंवा लग्नसराई, तर एक साधा दुसरा एअरब्रश तयार ठेवणं परवडतं का, ते सुरुवातीला काढलेल्या आकड्यावरून ठरवा. दोन दिवसांच्या बंदीपेक्षा तो स्वस्त पडत असेल तर विचार कसला करताय?

हाताखाली माणसं असतील तर

कारखान्यात दोन-चार पोरं काम करत असतील तर "नीट धू रे" एवढं सांगून भागत नाही. प्रत्येक एअरब्रशला नेल पॉलिशने वेगळ्या रंगाची खूण करा आणि त्याच रंगाची खूण त्याच्या डब्याला. एका वेळी एकच एअरब्रश उघडायचा. धुणारा माणूस ठरलेला असू द्या आणि भिंतीवरच्या कागदावर त्याने रोज तारीख घालून "५/५" लिहायचं.

आणि मालक म्हणून एक पथ्य पाळा. भाग हरवल्याचं कुणी लगेच येऊन सांगितलं तर त्याच्यावर ओरडू नका, त्याचा पगार कापू नका. ज्या पोराला ओरडा बसतो, तो पुढच्या वेळी गुपचूप एअरब्रश बंद करून ठेवतो आणि तुम्हाला ते दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक समोर उभं असताना कळतं. लगेच सांगितलं की दहा मिनिटांत भाग सापडण्याची आशा असते. केर काढून झाल्यावर ती उरत नाही.

जपानी कारखान्यांतली ५-एस पद्धत आपण मागे एका पाठात पाहिली होती. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु, शित्सुके: नको ते काढा, उरलेल्याला जागा द्या, स्वच्छ ठेवा, सगळ्यांसाठी एकच पद्धत ठरवा आणि ती शिस्तीने पाळा. आज केलं ते हेच, फक्त एका परातीच्या आत. ज्याला पाच भाग सांभाळता आले, त्याला उद्या पन्नास वस्तूंचा स्टॉक आणि पाच माणसं सांभाळणं सोपं जातं. सवय तीच, पसारा मोठा.

या आठवड्याचा गृहपाठ

१. तुमच्या एका बंद दिवसाची किंमत काढा आणि लिहून भिंतीवर लावा.
२. तुमच्या एअरब्रशचे आठवड्याच्या सफाईत सुटे होणारे भाग मोजा. फळा करा.
३. गाळणी, परात, पांढरा नॅपकिन आजच बाजूला काढा.
४. स्पेअरचा डबा आहे का बघा. नसेल तर यादी करून मागवा, आल्यावर बसवून बघा.

एअरब्रश नाही, शिलाई मशीन आहे? मग बॉबिन केस, सुया आणि बारीक स्क्रू मोजा. मोबाईल दुरुस्ती करता? तुमचे स्क्रू तर याहून बारीक. यंत्र कुठलंही असो, पद्धत हीच: कमी उघडा, परातीत उघडा, मोजून काढा, मोजून बसवा आणि स्पेअर तयार ठेवा.

पुढच्या पाठात कॉम्प्रेसर घेऊ. दाब किती ठेवायचा, टाकीत साठलेलं पाणी कधी काढायचं आणि शेजाऱ्यांची तक्रार येणार नाही असा कॉम्प्रेसर कसा निवडायचा, ते बघू. तोपर्यंत हात कामात, डोळे परातीत. भेटू लवकरच!